व्हीएम होस्टवर चार पोर्ट, त्यात १०जी कार्ड येतंय: कुठली केबल कशाला?

रात्रपाळी · शनिवार, रात्री ११.२०

मंडळी, आज तोंडावर आपटलोय, म्हणून हा धागा.

एक होस्ट आहे, म्हणजे व्हीएम (आभासी मशीन) चालवणारा सर्व्हर, लिनक्सवरच्या प्रॉक्समॉक्स प्रणालीवाला, त्यावर १४ व्हीएम. बोर्डावरच १ गिगाबिटचे चार पोर्ट आहेत, पण आजवर एकाच पोर्टात केबल होती. रात्री नॅसवर (नेटवर्कवरची साठवणीची पेटी) बॅकअप सुरू झाला की बाकीचे व्हीएम गोगलगाय होतात. साधारण २ टीबी डेटा, सकाळ होते तरी संपत नाही. वरून आदेश आला, "तीन पोर्ट रिकामे पडलेत, ते वापर की."

म्हणून आज तीन केबल आणल्या, त्याच स्विचला जोडल्या आणि चारही पोर्ट व्हीएमबीआर० या ब्रिजमध्ये टाकले. सेटिंग लागू केलं आणि दहा सेकंदांत सगळं नेटवर्क आडवं. फक्त होस्ट नाही, त्या स्विचवरचं सगळं. स्विचचे यच्चयावत दिवे एका तालात लुकलुकत होते. तीन केबल उपटल्या, मिनिटभरात सगळं जागेवर.

असं का झालं? आणि चार पोर्ट मिळून चार गिगाबिट मिळवायचे तर करायचं काय? पुढच्या आठवड्यात दोन पोर्टांचं १०जी (१० गिगाबिटचं) कार्डही येतंय.

जुनं_खोड · शनिवार, रात्री ११.४५

लूप केलात. लिनक्सचा ब्रिज म्हणजे सर्व्हरच्या पोटात बसवलेला एक स्विच. दोन स्विच चार केबलींनी जोडले आणि त्या चारींना एक समजा असं कोणालाच सांगितलं नाही, तर जे होतं ते झालं. एखाद्या व्हीएमने एआरपीची हाक ("हा आयपी कोणाचा?") मारली की ती ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी. ब्रिजने ती चारही पोर्टांतून स्विचकडे पाठवली, स्विचने प्रत्येक प्रत उरलेल्या तीन पोर्टांतून परत ब्रिजकडे, ब्रिजने पुन्हा बाहेर. आयपीच्या पॅकेटला निदान टीटीएल (उड्यांची मर्यादा) असतो, फिरून फिरून मरतं तरी. इथरनेटच्या फ्रेमला तसलं काही नाही, ती केबल उपटेपर्यंत फिरते.

स्पॅनिंग ट्री (लूप टाळणारी व्यवस्था) चालू असता तर तीन पोर्ट आपोआप बंद झाले असते. पण लिनक्स ब्रिजवर तो मुळात बंद असतो, आणि तुमच्या स्विचवरही बंद दिसतोय. चालू असता तरी वापरात एकच केबल राहिली असती, म्हणजे हाती काहीच नाही.

उतरंड अशी लावायची: कार्डं, त्यांच्यावर बाँड (अनेक केबलींची एक मोळी), बाँडवर ब्रिज, ब्रिजला व्हीएम. ब्रिजला खाली एकच पोर्ट दिसला पाहिजे, तो म्हणजे बाँड.

खिडकीवाला · रविवार, सकाळी ८.१०

काहीतरी चुकतंय. आमच्या ईएसएक्सआयवर (व्हीएमवेअरची होस्ट प्रणाली) मी एका व्हीस्विचला, म्हणजे आतल्या आभासी स्विचला, चार अपलिंक (बाहेर जाणाऱ्या केबली) लावलेत, त्याच स्विचमध्ये, कुठलाही बाँड नाही. तीन वर्षं झाली, कधी लूप नाही.

जुनं_खोड · रविवार, सकाळी ८.३०

तुमचंही बरोबर, माझंही बरोबर. ईएसएक्सआयचा व्हीस्विच एका अपलिंकवरून आलेली फ्रेम दुसऱ्या अपलिंकमधून बाहेर सोडतच नाही, त्यामुळे लूप व्हायला वाटच नाही. प्रत्येक व्हीएमला तो एक अपलिंक नेमून देतो आणि मोकळा होतो. लिनक्स ब्रिज खराखुरा स्विच आहे, तो इमानदारीत सगळीकडे पाठवतो. तिकडून इकडे आलेले बरेच जण याच खड्ड्यात पडतात.

नवशिक्या_७ · रविवार, सकाळी ९.०५

सोपं काहीतरी विचारतो, हसू नका. ब्रिज नको, बाँड नको, चार कार्डांना चार आयपी दिले तर? सगळे १९२.१६८.१० मधलेच. चार रस्ते तयार.

पॅकेटवाला · रविवार, सकाळी ९.४०

हसत नाही, मीही हे केलेलं आहे आणि त्यात अख्खा दिवस घालवलेला आहे.

लिनक्सच्या लेखी आयपी पत्ता हा मशीनचा असतो, कार्डाचा नसतो. त्यामुळे कार्ड २ च्या पत्त्यासाठी एआरपीची हाक आली तर कार्ड १ सुद्धा "मीच तो" म्हणून उत्तर देतं, आणि जे उत्तर आधी पोचेल ते समोरच्याच्या तक्त्यात बसतं. याला एआरपी फ्लक्स म्हणतात. बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचं तर विचारूच नका. राउटिंग टेबलात एकाच सबनेटच्या चार ओळी झाल्या की सगळं पहिल्या ओळीच्या कार्डातून जातं. म्हणजे येताना कुठूनही, जाताना एकाच दारातून. त्यात आरपी फिल्टर (पॅकेट योग्य कार्डातून आलं का हे बघणारा) कडक असेल तर उलट वाटेने आलेली पॅकेट गपचूप टाकून दिली जातात, लॉगमध्ये अक्षर नाही.

एआरपी इग्नोर, एआरपी अनाउन्स ही कर्नलची सिसकंट्रोल सेटिंगं आहेत, पण त्या वाटेला जाण्याआधी एका सबनेटमध्ये एका होस्टचा एकच पत्ता ठेवून बघा. आणि डिफॉल्ट गेटवे अख्ख्या होस्टला एकच. प्रत्येक कार्डाच्या रकान्यात गेटवे भरायचा मोह होतो, आवरा.

तारांचा_गुंता · रविवार, दुपारी १२.१५

रात्रपाळी, बाँडचा मोड ० टाका. बॅलन्स आरआर. पॅकेट आळीपाळीने चारही केबलींवर वाटली जातात, एकाच कनेक्शनला एकापेक्षा जास्त केबलींचा वेग देणारा हा एकच मोड आहे. बाकी सगळे मोड बोलाचीच कढी.

पॅकेटवाला · रविवार, दुपारी १२.५०

वेग मिळतो, पण पॅकेट पुढेमागे पोचतात. टीसीपीला वाटतं मधली हरवली, तो पुन्हा पाठवत बसतो, आणि चारपट म्हणता म्हणता दीडपटीवर येतं. शिवाय स्विचवर त्या चार पोर्टांचा स्थिर गट करावा लागतो. नाही केला तर एकच मॅक पत्ता (कार्डाची स्वतःची ओळख) चार पोर्टांवर उड्या मारताना दिसतो आणि स्विच गोंधळतो.

मोड ६ सुद्धा कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. तो एआरपीच्या उत्तरांत मॅक बदलून ट्रॅफिक वाटतो. होस्ट एकटा असेल तर छान चालतं, पण वर ब्रिज आणि ब्रिजवर १४ व्हीएमचे १४ मॅक असताना मी त्या भानगडीत पडणार नाही.

व्यवहारात दोनच उरतात. स्विचवर काही करता येत नसेल, किंवा दोन वेगळ्या साध्या स्विचमध्ये केबल टाकायच्या असतील, तर मोड १, ॲक्टिव्ह बॅकअप (एक केबल चालू, बाकी राखीव). स्विच मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) असेल तर मोड ४, म्हणजे एलएसीपी, ज्यात होस्ट आणि स्विच आपसात बोलून केबलींचा गट ठरवतात.

जुनं_खोड · रविवार, दुपारी २.००

आणि आता मूळ दुखण्याकडे या, कारण एलएसीपी केलं तरी रात्रपाळींचा बॅकअप तसूभर वेगाने होणार नाही.

एलएसीपीमध्ये एक संवाद एकाच केबलवरून जातो. कुठल्या, ते हॅश (पत्त्यांवरून काढलेला आकडा) ठरवतो. मुळातला हॅश लेयर २ चा, म्हणजे मुख्यतः मॅक पत्त्यांवरून. होस्ट एक, नॅस एक, मॅकची जोडी एकच, मग हॅशही दर वेळी तोच. चार केबलींपैकी एक घाम गाळणार, तीन बघत बसणार. हॅश लेयर ३+४ केला तर पोर्ट क्रमांकही हिशेबात येतात आणि अनेक कनेक्शनं वेगवेगळ्या केबलींवर पडू शकतात. १४ व्हीएम आणि बरेच वापरकर्ते यांच्यासाठी उत्तम. पण बॅकअपचं एकच लांबलचक कनेक्शन असेल तर त्याची कमाल १ गिगाबिटच.

हिशेब मांडा. १ गिगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ एमबी, हेडरं वजा जाता ११८ च्या आसपास. २ टीबी भागिले ११८ एमबी म्हणजे पावणेपाच तास, तेही केबल पूर्ण मोकळी असेल तर. तुमच्याकडे त्याच केबलवर १४ व्हीएमही आहेत.

म्हणून बॅकअपला व्हीएमच्या रस्त्यावरून उचला. नॅसला १०जी पोर्ट आहे का?

रात्रपाळी · रविवार, दुपारी ३.३०

आहे, एक, कधीच न वापरलेला. पण स्विचवर १०जीचे पोर्ट नाहीत. म्हणून नवीन कार्डाचं काय करायचं तेच कळत नव्हतं.

जुनं_खोड · रविवार, दुपारी ३.४५

स्विच हवाय कशाला? होस्टचा १०जी पोर्ट १ थेट नॅसला जोडा, डॅक केबलने (दोन्ही टोकांना प्लग असलेली तांब्याची छोटी केबल). दोन टोकांचंच वेगळं सबनेट, समजा १०.१०.५०.१ आणि १०.१०.५०.२. गेटवे रिकामा. त्यावर ब्रिज नको, बाँड नको. प्रॉक्समॉक्समध्ये नॅसचा पत्ता बदलून १०.१०.५०.२ करा, की बॅकअप आपोआप त्या वाटेने जाईल. १०जी पोर्ट २ तसाच ठेवा, दुसरा होस्ट आला की व्हीएम इकडून तिकडे हलवायला लागेल.

बोर्डावरचे १ आणि २: एलएसीपी बाँड, त्यावर व्हीलॅन (एकाच केबलवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं) अवेअर ब्रिज, फक्त व्हीएमसाठी. या ब्रिजला होस्टचा आयपी देऊ नका. पत्ता नसला तरी ब्रिज फ्रेम पुढे पाठवतोच, आणि एखादा व्हीएम बिघडला तरी त्याला होस्टचं दार त्या बाजूला दिसत नाही. (आयपीव्ही६ चा लिंक लोकल पत्ता मात्र न मागता येऊन बसतो, तो त्या ब्रिजवर बंद करा.)

पोर्ट ३: होस्टचं मॅनेजमेंट. आयपी आणि गेटवे फक्त इथे. पोर्ट ४ शिल्लक.

तारांचा_गुंता · रविवार, संध्याकाळी ५.२०

हे जुन्या वळणाचं झालं. एवढ्या केबली कोण सांभाळणार? चारही पोर्टांचा एक बाँड करा आणि मॅनेजमेंट, व्हीएम, पाहुण्यांचं वायफाय सगळं व्हीलॅनवर वेगळं करा. व्हीलॅनचे क्रमांक १ ते ४०९४ आहेत, केबली चारच.

जुनं_खोड · रविवार, संध्याकाळी ६.००

व्हीलॅनने ओळख वेगळी होते, केबल तीच राहते. एखाद्या व्हीएमने बाँड तुडुंब भरला तर मॅनेजमेंटचं पानही उघडत नाही, आणि नेमकं तेव्हाच ते उघडायचं असतं. दोन १०जी पोर्ट आणि तसा स्विच असता तर मीही एकच बाँड आणि वर व्हीलॅन असंच सुचवलं असतं. १ गिगाबिटवर नाही.

तरी तुमच्यातला एक मुद्दा घेतो: मॅनेजमेंट एका केबलवर लटकवू नये. ३ आणि ४ चा ॲक्टिव्ह बॅकअप करा, केबली दोन वेगळ्या स्विचमध्ये. एमआयआय मॉन (केबल जिवंत आहे का हे किती वेळाने बघायचं) ही किंमत १०० मिलिसेकंद आहे ना, हे हाताने तपासा. जुन्या कर्नलवर ती शून्य असायची, म्हणजे केबल तुटली तरी बाँडला पत्ता नाही.

नवशिक्या_७ · रविवार, संध्याकाळी ६.२०

एसआर-आयओव्ही का नको? कार्डाचे तुकडे थेट व्हीएमला.

पॅकेटवाला · रविवार, संध्याकाळी ६.३५

१४ साध्या व्हीएमना विर्टिओ (व्हीएमसाठीच बनवलेलं हलकं आभासी कार्ड) पुरतं. कार्डाचा तुकडा थेट दिला की तो व्हीएम चालू असताना दुसऱ्या होस्टवर हलवणं अवघड होऊन बसतं. जिथे मायक्रोसेकंद मोजतात तिथे ठीक.

आणि रात्रपाळी, जुने व्हीएम ई१००० (जुन्या इंटेल कार्डाची नक्कल) कार्डावर असतील तर ते आधी विर्टिओवर आणा. एकाच ब्रिजवरचे दोन व्हीएम आपसात बोलतात तेव्हा ट्रॅफिक केबलवर उतरतच नाही. तिथे कार्डाच्या वेगाचा संबंध नाही, सगळा खेळ प्रोसेसरचा.

रात्रपाळी · गुरुवार, रात्री १०.१५

कार्ड आलं, बसवलं, आणि होस्ट गायब! पिंग नाही, वेब पान नाही. दूरच असतो तर मेलोच असतो, नशिबाने स्क्रीन जोडलेला होता. बघतो तर काय, जे कार्ड ईएनपी३एस० होतं ते आता ईएनपी४एस० झालंय. मी तर त्याला हातही लावला नव्हता.

शून्य_एक · गुरुवार, रात्री १०.४०

त्या नावात जो आकडा आहे तो पीसीआय बसचा क्रमांक. मध्ये नवीन कार्ड आलं की पुढच्यांचे क्रमांक सरकतात. सिस्टीमडीने २०१३ पासून ही नावं आणली ती स्थिर राहावीत म्हणूनच, आणि रोजच्या रिबूटमध्ये राहतातही. हार्डवेअर बदललं की राहतील याची हमी नाही.

कायमचा इलाज: इटीसी, सिस्टीमडी, नेटवर्क या फोल्डरमध्ये प्रत्येक कार्डासाठी एक लिंक फाइल. त्यात कार्डाच्या कायमच्या मॅक पत्त्यावरून नाव ठरवा. 'कायमच्या' हा शब्द महत्त्वाचा, कारण बाँड आणि ब्रिज खालच्या कार्डाचा मॅक उचलतात आणि नुसत्या मॅकवर जुळवलं तर भलत्यालाच नाव लागायचं. नाव कामावरून द्या: व्हीएम१, व्हीएम२, मॅन१, मॅन२, नॅस१. इथ० वगैरे देऊ नका, कर्नल स्वतः तीच नावं वाटतो. मग इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) ताजं करा आणि रिबूट.

आणि दूरवरून नेटवर्क बदलताना आधी जुन्या फाइलची प्रत आणि पाच मिनिटांनी ती परत आणणारं टायमरचं काम लावून ठेवा. सगळं नीट झालं तर टायमर रद्द करायचा. बीएमसी (होस्ट बंद असतानाही दूरवरून हाताळू देणारी बोर्डावरची चिप) असेल तर त्याला त्याची स्वतःची केबल द्या. काही बोर्डांवर तो पहिल्या लॅन पोर्टावर भाड्याने राहतो, तो पोर्ट बाँडमध्ये गेला की बीएमसीही अधूनमधून बेपत्ता.

रात्रपाळी · शुक्रवार, रात्री १.०५

नावं पक्की केली. नॅस जोडला. पण दोन गोष्टी अडल्यात.

पहिली: व्हीएमच्या बाँडची प्रोकमधली स्थिती बघितली तर दोन्ही कार्डं 'अप', पण पार्टनर मॅक (समोरच्या स्विचचा) सगळा शून्य.

दुसरी: नॅसच्या वाटेवर आयपर्फ३ (वेग मोजणारा प्रोग्राम) ने ३.२ गिगाबिट येतोय. १०जीचे पैसे दिलेत हो!

पॅकेटवाला · शुक्रवार, सकाळी ७.५०

पार्टनर शून्य म्हणजे समोरून एलएसीपीचं उत्तरच नाही. स्विचवर गट केला असेल पण 'स्टॅटिक' प्रकारात. तो एलएसीपी ॲक्टिव्ह करा. आणि हो, व्हीलॅनची परवानगी गटावर द्या. सुट्या पोर्टांवर देऊन गट कोरा ठेवायचा, ही माझी आवडती चूक.

शून्य_एक · शुक्रवार, सकाळी ८.१५

३.२ वरून स्लॉटचा संशय येतो. एलएसपीसीआय (कार्डांची यादी देणारी कमांड) सविस्तर चालवून त्या कार्डाची लिंक स्थिती बघा. कार्ड पीसीआय एक्स्प्रेस २.० चं असेल आणि रुंदी 'एक्स१' दिसत असेल तर एका लेनचे ५ गिगाट्रान्सफर, त्यातले कोडिंगचे २० टक्के गेले, उरले ४ गिगाबिट, त्यातून वरखर्च. स्लॉट लांबीने मोठा असतो, आत तारा मात्र एकाच लेनच्या. बोर्डाच्या पुस्तिकेत लेनचा तक्ता असतो.

रात्रपाळी · शुक्रवार, रात्री ११.३०

दोन्ही निदानं अचूक. स्विचवर खरंच स्टॅटिक होतं. बदललं, पार्टनर मॅक आला.

स्लॉटही एक्स१ निघाला. कार्ड प्रोसेसरच्या स्लॉटमध्ये हलवलं, आता ९.४ गिगाबिट. आणि गंमत म्हणजे स्लॉट बदलल्यावर बसचे क्रमांक पुन्हा सरकले, पण नावं मॅकला बांधलेली असल्याने कोणालाच काही कळलं नाही.

मग हाव सुटली. नॅसच्या वाटेवर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) ९००० केला. पिंग जातोय, नॅसचं लॉगिन होतंय, पण बॅकअप सुरू झाला की जागच्या जागी थिजतो.

जुनं_खोड · शुक्रवार, रात्री ११.४०

नॅसच्या आत कुठेतरी १५०० च राहिलाय. लहान पॅकेट जातात, मोठी मरतात, म्हणून तसं दिसतं. नुसत्या पिंगने कळत नाही, तुकडे न करण्याची सूचना देऊन ८९७२ बाइटचा पिंग मारा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा.

बाकी कुठेही जंबो (म्हणजे हा ९००० चा एमटीयू) करू नका. ज्या केबलीची दोन्ही टोकं आपल्या हातात आहेत तिथेच.

रात्रपाळी · रविवार, सकाळी ९.००

नॅसकडे ९००० केलं, ८९७२ चा पिंग गेला, आयपर्फ ९.९ दाखवतोय. कालचा बॅकअप सत्तर मिनिटांत संपला. आता नॅसच्या डिस्कच सेकंदाला ५०० एमबीच्या वर लिहीत नाहीत, केबल निम्मी रिकामी. व्हीएमवाल्यांना बॅकअप चालू आहे हे समजलंही नाही.

तारांचा_गुंता · रविवार, सकाळी ९.३०

अभिनंदन. केबली उपटून बघितल्यात का? नाहीतर रिडंडन्सी फक्त कागदावर.

रात्रपाळी · रविवार, सकाळी ११.१०

आत्ता बघितलं. व्हीएमच्या बाँडमधली एक काढली, एक पिंग चुकला. मॅनेजमेंटची काढली, एकही नाही. मग धीर आला आणि मॅनेजमेंटचा एक स्विचच बंद केला, पाठीमागचं बटण दाबून. दुसराही बंद पडला. दोन्ही एकाच पॉवर स्ट्रिपवर आहेत, आणि बटण स्ट्रिपचं होतं.